नवतप्यात एक लाल डोळा

रायपुरात ‘पारा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वस्तीचा. ‘कोन पारा म रहिथस?’ असं भाजीवालीसुद्धा विचारते आणि आम्ही ‘बूढ़ापारा’ म्हणून मोकळे होतो. दुसरा थर्मामीटरमधला. मे महिना लागला की मला दुसराच आधी ऐकू येतो. आता मी तेलीबांधाला राहते. घरात एसी आहे, कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षा आटोपत आल्या आहेत, काळजी करावी असं काही नाही. तरी सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, नजर भिंतीवरच्या थर्मामीटरकडे जाते. तलावाकडून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा लागायला लागला, रस्त्यावरची माणसं डोळे तेवढे उघडे ठेवून गमछ्यात गुंडाळली गेली, की मी मनातल्या मनात तिशीच्या खाली राहा, तिशीच्या खाली राहा, असं म्हणायला लागते. कुणाला म्हणते? त्या सगळ्याला आता वर्षं झाली.

त्या उन्हाळ्यात माझा जीव एका चिलटात अडकला होता.

चिलट हा आईचा शब्द. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ना, तीच ती फळमाशी. मी तिच्यावर पीएचडी करत होते. युनिव्हर्सिटीच्या मागच्या बाजूला, निलगिरीच्या झाडांकडे तोंड करून आमची लॅब होती. तिथे सुधा मॅडमच्या हाताखाली मी काम करायचे. मॅडमचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली की कुठलं वाक्य कुठे वळेल सांगता यायचं नाही. आवाज कधी चढायचा नाही. त्या जूनअखेर रिटायर होणार होत्या, आणि त्यांच्यानंतर ती खोली, ती कपाटं, त्या माशा दुसऱ्या कुणाला नको होत्या.

लॅबमध्ये पाऊल टाकलं की वास यायचा मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट एकत्र शिजवल्याचा. माशांचं जेवण ते. सकाळी शिजवायचं, काचेच्या नळ्यांत ओतायचं, वर कापसाचा बोळा. आणि कोपऱ्यात एक थंड कपाट सतत गुरगुरत असायचं. पंचवीस अंशांवर लावलेलं. बाहेर चव्वेचाळीस, आत पंचवीस. त्या गुरगुरण्याची इतकी सवय झाली होती की ते ऐकू यायचंच नाही.

आमच्या माशांचे डोळे वेगळे होते. साध्या माशीचा डोळा विटकरी लाल असतो. आमच्या माशांच्या डोळ्यात पांढऱ्यावर लाल ठिपके, कुठे मोठा डाग, कुठे नुसती शिंतोड्यासारखी रेघ. दोन माशा एकसारख्या नाहीत, एकाच माशीचे दोन डोळेही एकसारखे नाहीत. लाल रंग आणणारा जीन या माशांत अगदी धडधाकट असतो. त्यातलं एक अक्षरही बिघडलेलं नसतं. फक्त केव्हातरी क्रोमोसोमचा एक तुकडा तुटून उलटा जोडला गेला, आणि हा जीन आपली जागा सोडून भलत्याच शेजारी जाऊन बसला. क्रोमोसोम म्हणजे लांबलचक दोरा. काही ठिकाणी तो सैल असतो, तिथले जीन वाचले जातात. काही ठिकाणी इतका गच्च गुंडाळलेला असतो की तिथलं काही वाचताच येत नाही. आमचा जीन त्या गच्च भागाच्या कडेला येऊन पडला होता. तो गच्चपणा कुठल्या पेशीत पसरत पसरत जीनपर्यंत पोचतो आणि त्याचं तोंड बंद करतो, कुठल्या पेशीत अलीकडेच थांबतो. माशी अजून अळी असताना एखाद्या पेशीत हे एकदा ठरलं की तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तेच पाळतात. म्हणून ठिपके.

आईला हे सांगायचं होतं तेव्हा मी सदर बाजारात उभी होते तिच्याबरोबर, लग्नसराईत. ‘ते बघ,’ मी म्हटलं, ‘ते कापडाचं दुकान उघडं आहे, माल भरलाय, मालक बसलाय. पण समोर गाड्या अशा लागल्यात की कुणाला आत जाताच येत नाही. दुकान बंद नाही, पण विक्री बंद.’

आईने दुकानाकडे पाहिलं. ‘मंग गाड्या हटव ना,’ ती म्हणाली.

तेच तर माझं काम होतं. नर माशांना साखरपाण्यातून एक रसायन पाजायचं, म्हणजे त्यांच्या बीजात कुठे ना कुठे एखादा जीन बिघडतो. मग त्यांची पिल्लं दुर्बिणीखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, एकेक करून बघायची. बिघडलेला जीन तो दोरा गच्च गुंडाळणाऱ्या जीन्सपैकी असला, तर गुंडाळी सैल पडेल आणि डोळा लाल होईल. मी दोन वर्षं ठिपके बघत होते. मान अवघडायची, संध्याकाळी भिंतीवरही ठिपके दिसायचे.

आणि मे महिन्यातल्या एका सकाळी ब्रशच्या टोकाखाली एक नर आला. दोन्ही डोळे लाल, भरलेले. मी ब्रश खाली ठेवला आणि मॅडमना हाक मारली.

मॅडमनी दुर्बिणीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा लावत म्हणाल्या, ‘शुभा, नाचू नकोस. पहले शक करो.’

शंका तीन होत्या. पहिली उन्हाची. उष्णता वाढली की ती गुंडाळी आपोआप थोडी सैल होते, डोळे जास्त लाल दिसतात. त्या आठवड्यात वीज सारखी जात होती, कपाटाचा पारा दोनदा चढला होता. दुसरी बाहेरच्या चिलटाची. आंब्याचे दिवस. खिडकीतून एखादी साधी माशी आत शिरून नळीत पडली असेल तर तिचे डोळे लालच असणार. तिसरी, की एखादा जीन खरंच बिघडून गुंडाळी सैल पडली असेल. ‘तीसरी बात सबसे आखिर में,’ मॅडम म्हणाल्या.

निवाडा करायचा मार्ग सोपा होता. त्या नराला आपल्या ठिपकेवाल्या माद्यांबरोबर ठेवायचं आणि मुलगे बघायचे. मुली नाही, मुलगे. रंगाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, आणि मुलग्याला एक्स आईकडूनच मिळतो. लाली नुसती उन्हाची असेल, तर ती पोरांत उतरणारच नाही. आमचा नर नुसता बाहेरून आलेला असेल, तर त्याचा लाल रंग त्याच्या एक्सबरोबर मुलींकडे जाईल. मुली सगळ्या लाल, मुलगे सगळे ठिपक्यांचे. पण त्याच्यात खरंच गुंडाळी सैल करणारा बदल दुसऱ्या एखाद्या क्रोमोसोमवर झाला असेल, तर निम्मे मुलगेही लाल निघतील.

अख्ख्या लॅबमध्ये असा नर एकच होता. दोन मिलिमीटरचा. तीसच्या वर पारा गेला तर तो मरणार नाही, पण वांझ होईल. मग काहीच कळणार नाही.

नर माद्यांबरोबर नळीत सोडला आणि दुसऱ्याच दिवशी कपाटाचं गुरगुरणं थांबलं. इतकी वर्षं ऐकू न येणारा आवाज बंद झाल्यावर एकदम ऐकू आला. कॉम्प्रेसर जळाला होता. दुरुस्तीचा माणूस नागपूरहून यायचा होता, तो ‘दोन-तीन दिन में’ म्हणाला. लॅबमधला थर्मामीटर माझ्या डोळ्यांदेखत चढायला लागला.

‘घरी ने,’ मॅडम म्हणाल्या. ‘माझ्या घरी सुना-नातवंडं, आंब्यांच्या पेट्या. तुझ्याकडे कूलर आहे ना?’

नवतपा, मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला होता. मी नळी ओल्या रुमालात गुंडाळली, थर्माकोलच्या डब्यात ठेवली, डबा पोटाशी धरून ऑटोत बसले आणि बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत येईपर्यंत ड्रायव्हरला दर खड्ड्याला ‘भैया, धीरे’ म्हणत राहिले. त्याने शेवटी विचारलं, ‘दीदी, अंडे हैं क्या?’ मी हो म्हटलं. खोटंही नव्हतं.

आमचं घर भाड्याचं, मधल्या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे तीच त्यातल्या त्यात गार. कूलरला वाळ्याची ताटी नवी लावलेली. आईने डबा कुठे ठेवायचा ते विचारलं आणि मी चिलटांचं भय सांगितल्यावर खाटेखाली पसरलेले सगळे आंबे टोपलीत भरून शेजारी देऊन टाकले. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आमरस झाला नाही. केळं नाही, टरबूज नाही. दुपारी आम्ही बोरे-बासी खायचो, भातातलं ते आंबूस गार पाणी, कांदा, आणि सगळ्यांचे कान कूलरकडे.

बाबा तेव्हा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, जन्म सगळा गाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेला. माशीचं त्यांना काही पटत नव्हतं. त्याचं कारण त्याच आठवड्यात घरी आलं होतं. माझी सरकारी शाळेत लेक्चरर म्हणून, म्हणजे अकरावी-बारावीला शिकवायला, निवड झाली होती. बस्तरमधलं गाव, हजर व्हायची शेवटची तारीख ठरलेली. मी परीक्षा दिली होती ती बाबांच्याच आग्रहावरून. तारीख अशी होती की तिच्या आदल्या संध्याकाळी जगदलपूरची बस धरायलाच हवी. आणि नळीतल्या अंड्यांची पिल्लं नेमकी त्याच दिवसाच्या आगेमागे बाहेर पडणार होती.

‘शुभे, चिलटाले गरमी होते म्हून तू नोकरी सोडून देशीन?’

‘बाबा, सोडत नाहीये. जरा थांबते आहे.’

‘सरकार थांबते काय तुयासाठी? पोट्टी पागल झाली,’ हे आईकडे बघून. आई भाजी निवडत राहिली.

‘मॅडम जूनमध्ये जातील. मग ती खोलीच बंद होईल. हे आता झालं नाही तर कधीच नाही.’

‘आन् त्या नरात काहीच नसन तं?’

रात्रंदिवस तोच प्रश्न मी स्वतःला विचारत होते. बाबा उठून गेले. पण जाता जाता वाकून डब्यातल्या थर्मामीटरकडे बघितलं, आणि दारातून म्हणाले, ‘सव्वीस.’

पुढच्या दिवशी भर दुपारी लाइट गेली.

कूलरचा पंखा फिरत फिरत मंदावला, थांबला, वाळ्यातून दोन-चार थेंब टपकले. सगळ्या पाऱ्यात शुकशुकाट झाला. मी डब्यातल्या गार पाण्याच्या बाटल्या बदलल्या. फ्रीजमधला बर्फ संपला. सत्तावीस. ट्रान्सफॉर्मर उडाल्याचं कुणीतरी गल्लीतून ओरडत गेलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत आशा नाही. अठ्ठावीस. मी रुमाल ओला करत होते, हातपंख्याने वारा घालत होते, आणि नळीत तो नर एका मादीच्या मागे मागे पंख थरथरवत फिरत होता. त्याला कशाचा पत्ता नव्हता.

‘तुझे बाबा कुठं गेले?’ आईने विचारलं.

मी वर बघितलं. दाराशी स्कूटरची किल्ली नव्हती.

बाहेर लू अशी वाहत होती की दाराच्या फटीतून आत आलेली हवासुद्धा चटका देत होती. मागच्याच वर्षी बाबांना छातीत दुखून दवाखान्यात ठेवलं होतं. आईने दार अर्धं उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मी फोन लावला तर तो आतल्या खोलीत वाजला. एकोणतीस. मी डब्याजवळ बसू की रस्त्यावर जाऊ, हे मला कळेना. शेवटी मी उठले. चप्पल घालत होते, आणि आई म्हणाली, ‘तू बस. तू गेली आन् ते मेलं, तं त्याईचं जाणंबी फुकट जाईन.’ हे तिने रागाने म्हटलं. मी बसले. पंखा हलवत राहिले. आई उंबऱ्यात उभी, माझ्याकडे पाठ करून.

स्कूटरचा आवाज आला तेव्हा पारा तिशीच्या एकच रेघ खाली टेकला होता.

बाबांनी पायांच्या मध्ये पोत्यात बांधलेली बर्फाची लादी आणली होती. तिचं पाणी गळून त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. चेहरा लालबुंद, गमछा सुकून कडक झालेला. जवळच्या दुकानात बर्फ संपलेला, म्हणून ते थेट स्टेशनापलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात गेले होते. खुर्चीत बसले आणि डोळे मिटले. आईने पाय पाण्यात ठेवायला लावले, तळव्यांना कांदा चोळला, पन्ह्याचा ग्लास तोंडाला लावला.

‘एका चिलटापायी,’ ती म्हणाली. ‘एका चिलटापायी जीव देता काय?’

बाबांनी घोट गिळला. डोळे न उघडताच विचारलं, ‘किती आहे?’

मी बर्फ फोडून डब्यात भरला होता. ‘अठ्ठावीस. उतरतोय.’

‘हव,’ ते म्हणाले, आणि झोपले.

त्या झोपेकडे मी लाइट येईपर्यंत बघत होते. छाती वर-खाली होते की नाही ते. थर्मामीटरकडे कमी, बाबांकडे जास्त. मला जे हवं होतं त्याचाच इतका धसका मला त्याआधी कधी बसला नव्हता.

नंतर कपाट दुरुस्त झालं, नळी लॅबमध्ये परत गेली. काही दिवसांनी जेवणाच्या थरात बारीक बोगदे दिसले. अळ्या! म्हणजे नर वांझ झाला नव्हता. अळ्या काचेवर चढल्या, कोश झाले, कोश काळपटले. कोशाच्या भिंतीतून डोळ्याचा रंग अंधूक दिसतो, पण त्यावर विसंबता येत नाही. मी तरी विसंबायचे, आणि दर तासाला वेगळ्या निर्णयाला यायचे.

बस ज्या संध्याकाळी होती, त्या सकाळी पहिल्या माशा निघाल्या. आधी मुली निघतात, त्यांचं तसंच असतं. तीन मुली. तिन्ही लाल.

सगळ्या मुली लाल, म्हणजे बाहेरचं चिलटही असू शकतं. मॅडम म्हणाल्या, ‘लड़के आने दो,’ आणि खुर्ची ओढून बसल्या.

दुपारी बाबा आले. हातात माझी बॅग. आईने कपडे भरले होते, वर पुरणपोळ्यांचा डबा. त्यांनी बॅग दाराशी ठेवली, मॅडमना नमस्कार केला, आणि स्टुलावर टोपी मांडीवर ठेवून बसले, जसे प्लॅटफॉर्मवर बसायचे. ‘पाचले निघू,’ एवढंच म्हणाले.

पहिला मुलगा निघाला. ठिपक्यांचा. दुसरा निघाला, पंख अजून चुरगळलेले. त्यालाही मी दुर्बिणीखाली घेतलं. पांढऱ्यावर लाल शिंतोडे.

‘अजून दोनच झालेत,’ मॅडम म्हणाल्या, पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

बाहेर निलगिरीची पानं वाऱ्याने सळसळत होती. बाबांनी घड्याळ बघितलं. मग मीच म्हटलं. अजून काही कळलेलं नव्हतं, कळेल याची खात्री नव्हती, दोन मुलगे विरुद्ध गेले होते, तेव्हा म्हटलं.

‘बाबा, मी नाही जात.’

खोलीत फक्त कपाट गुरगुरत होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. टोपी या हातातून त्या हातात घेतली.

तिसरा मुलगा निघायला वेळ लागला. कोशातून डोकं बाहेर काढून तो तसाच अडकून बसला. मी नळी उजेडाकडे धरली. मग तो सरकत बाहेर आला, काचेवर चढला, आणि दुर्बिणीचीसुद्धा गरज नव्हती. मी तरी त्याला दुर्बिणीखाली घेतलं, पोटाचं टोक तपासलं. नर होता. दोन्ही डोळे लाल.

मॅडम वाकल्या. भिंग फिरवलं. ‘एकाच नळीत वाढलेले भाऊ,’ त्या हळू म्हणाल्या. ‘एकच ऊन खाल्लेलं. एक लाल, एक ठिपक्यांचा. अब धूप का दोष नहीं, शुभा. आणि आईकडून तर याला लाल मिळालाच नसता.’ मग उभ्या राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या, ‘या, तुम्ही बघा.’

बाबांनी दुर्बिणीला डोळा लावला. मी ब्रशने दोन्ही भाऊ शेजारी-शेजारी ठेवले होते. ते खूप वेळ बघत राहिले.

‘ह्या ठिपक्यावाल्यात, जिथं पांढरं आहे तिथं रंग नाहीच काय?’

‘आहे, बाबा. सगळा आहे. उघडता येत नाही फक्त.’

‘आन् ह्याच्यात उघडला.’

‘हो.’

ते बाजूला झाले. पाच वाजून गेले होते.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. त्या नळीतून निघालेले जवळजवळ निम्मे मुलगे लाल होते. मॅडम रिटायर झाल्या, पण त्या माशा त्यांनी दुसऱ्या विभागातल्या एका कोपऱ्यात जागा मागून माझ्यासाठी सुरक्षित करून घेतल्या. पुढे दीड-दोन वर्षं खपून मी तो बदल कुठल्या जीनमध्ये आहे ते शोधलं, आणि तेव्हा कळलं की तो जीन परदेशात कुणीतरी फार पूर्वीच शोधला होता, त्याला नावही दिलं होतं. क्रोमोसोम गच्च गुंडाळणाऱ्या प्रथिनांपैकी एक. माझ्या नरात तोच जीन एका नव्या जागी मोडला होता, एवढंच माझं. मॅडमना फोन केला तर त्या हसल्या. ‘म्हणजे खरं होतं ना? बस.’ बस्तरची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. मला कॉलेजात लागायला पुढे बरीच वर्षं गेली, त्यातली काही फार वाईट गेली. बाबांनी त्या वर्षांत एकदाही ती तारीख काढली नाही. आता ते थकलेत, ऐकू कमी येतं. परवा फोनवर मी म्हटलं, नवतपा लागला, दुपारी बाहेर जाऊ नका, तर म्हणाले, ‘आता कोनासाठी जातो?’

पण ती संध्याकाळ मला नीट आठवते. लॅबमधून आम्ही स्कूटरवर निघालो, बॅग माझ्या मांडीवर. ऊन उतरलं होतं पण डांबर अजून भाजत होतं. घराकडे जायला बाबांनी बस स्टँडवरचा रस्ता धरला. स्टँडच्या तोंडाशी ती बस उभी होती. उशीर झाला होता तिला, इंजिन धडधडत होतं, दारात लटकून कंडक्टर ‘जगदलपुर, जगदलपुर’ ओरडत होता. आत खिडकीजवळच्या काही सीट रिकाम्या दिसत होत्या.

बाबांनी स्कूटर हळू केली आणि एक पाय रस्त्यावर टेकवला. मागे वळले नाहीत.

‘जातं काय?’

त्या क्षणी मी जाऊ शकले असते. उत्तर मिळालं होतं. मॅडमनी माशा सांभाळल्या असत्या. कंडक्टर आमच्याकडेच बघत होता, बॅग बघून त्याने हात पुढे केला.

‘नाही,’ मी म्हटलं.

बाबा थोडे थांबले. माझा आवाज त्यांना नीट ऐकू आला की नाही म्हणून मी पुन्हा म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी पाय वर घेतला.

‘मंग घट्ट पकड,’ ते म्हणाले, आणि गिअर टाकला.